हार घातलेला फोटो

माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, धड असा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांच्या गळ्यात हार आहे. निवृत्तीच्या दिवशी एसटी स्टँडवरच्या लोकांनी सत्कार केला तेव्हाचा. खांद्यावर शाल, कपाळावर विभूतीचे पट्टे, झेंडूचा जाडजूड हार आणि फोटो काढणाऱ्याने ‘जरा हसा’ म्हटल्यावर चेहऱ्यावर आलेला गंभीरपणा. बाकीच्या सगळ्या फोटोंत ते कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभे आहेत आणि अर्धे कापले गेले आहेत. आमच्याकडे माणसाचा एकट्याचा फोटो निघतो तो सत्काराला. नाहीतर त्याच्या माघारी शोधून मोठा करतात. हार दोन्हीकडे असतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ नांदेडला फ्लेक्सचं दुकान चालवतो. वाढदिवस, निवड, उद्घाटन, दशक्रिया, सगळं त्याच्याकडे येतं. मधोमध गोल चौकटीत फोटो, खाली ठळक नाव, नावाखाली हुद्दा, कोपऱ्यात जोडलेले हात. त्याला झोपेतून उठवून सांगितलं तरी तो हेच करील. मी त्याला चिडवायचे की तू बारशाचा फ्लेक्ससुद्धा असा करतोस की बाळाची काळजी वाटावी. तो हसायचा. गिऱ्हाईक खूश आहे ना अक्का, म्हणायचा.

नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. भावाच्या नव्या घराची वास्तुशांती झाल्यावर आई नांदेडलाच राहिली आणि अप्पा एकटे गावी परतले. परतल्यावर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून त्यांना लातूरला आणलं, कारण लातूरला मी आहे. मी इथे शाळेत शिकवते. भाऊ निरोप मिळताच नांदेडहून धावत आला. आईला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं की साधी तपासणी आहे, ॲसिडिटी असेल. तिला बीपी आहे, आणि घाबरली की ते कुठल्या कुठे जातं. डॉक्टरांनी बायपास लगेच करावी लागेल म्हटल्यावर मात्र लपवायला जागा उरली नाही. सकाळी अप्पांना आत नेण्याआधी तिला फोन केला आणि खरं ते सांगितलं. भावाच्या बायकोने तिला नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीत बसवून दिलं. तान्ह्या मुलामुळे तिला आईबरोबर निघता आलं नाही.

अप्पांना आत घेतलं आणि डॉक्टरांचा माणूस बाहेर येऊन म्हणाला की रक्ताची आणखी सोय करून ठेवा. अप्पांचा गट सहज न मिळणारा. भाऊ कॉरिडॉरमधल्या बाकावर बसला आणि मोबाईलवरच त्याने आवाहन तयार केलं. हात सवयीने चालत होते. गोल चौकट, सत्काराचा फोटो, खाली नाव, नावाखाली ‘सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक’, आणि नम्र विनंतीचे म्हणून जोडलेले हात. रक्ताचा गट, हॉस्पिटलचा पत्ता, आमचे नंबर हे सगळं त्याने चित्राखाली वेगळं लिहिलं. ते सगळ्या ग्रुपवर टाकलं, स्वतःच्या पानावर टाकलं, स्टेटसला ठेवलं. मी बघितलंसुद्धा नाही. मी त्या बंद दाराकडे बघत होते.

पहिली प्रतिक्रिया देगलूरच्या चुलत काकांची आली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’

भावाने मला फोन दाखवला तेव्हा त्याखाली आणखी चार जणांनी हात जोडले होते. आम्ही दोघं त्या स्क्रीनकडे बघत असतानाच आणखी आल्या. एकाने दुःखातून सावरण्याचं बळ मागितलं. एकाने लिहिलं की हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपलं, आणि फोटोत तर अप्पा एरंडेल प्यायल्यासारखे दिसत होते. आत्याच्या एका नातवाने तर न बघताच वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा देऊन टाकल्या. चित्राखालचा मजकूर लांब होता, त्यामुळे पहिली ओळ संपून पुढचं दुमडलं गेलं होतं. ते उघडून वाचायला बोट लावावं लागतं. ते बोट कुणी लावलं नव्हतं. काहींनी नुसतं चित्र उचलून पुढे पाठवलं होतं. खालचा मजकूर मागेच राहिला होता.

भावाने घाबरून ती पोस्ट काढून टाकली, आणि तिथेच घात झाला. ग्रुपवर त्या जागी ‘हा संदेश काढून टाकला आहे’ अशी ओळ उरली, आणि ती वाचून सगळ्यांची खात्री पटली. पोरं आईपासून लपवून राहिली, असं एका मावशीने लिहिलं. कुणी काही बोलू नका, वहिनी प्रवासात आहेत, असं दुसऱ्याने लिहिलं. हे त्याने त्याच ग्रुपवर लिहिलं, ज्यात आई होती.

मी आईला फोन लावला. आवाक्याबाहेर. गाडी लोह्याच्या पुढे कुठेतरी असणार, तिथे रेंज जाते. रेंज आली की तिचा फोन वाजायला लागणार आणि पहिल्यांदा तो फोटो दिसणार. ती गाडीत एकटी होती. अप्पांचं काय व्हायचं ते आतल्या लोकांच्या हातात होतं. आईला भलतंच कळू न देणं माझ्या हातात होतं, आणि मला ते जमत नव्हतं.

मग मी एकेकाला फोन करायला लागले. देगलूरच्या काकांना म्हटलं, काका, अप्पा आहेत, ऑपरेशन चालू आहे. ते म्हणाले, “हाव बाई, हाव. कळतंय आम्हाला. तू धीर सोडू नगस.” मी म्हटलं, खरंच आहेत. ते म्हणाले, हाव, हाव. मावशीने माझं ऐकून घेतलं आणि हुंदका दिला. ज्याला फोन करावा तो मला समजावत होता. मधेच भावाला एका चुलतभावाचा फोन आला. समाधीचा खड्डा शेतात घ्यायचा की गावच्या रुद्रभूमीत, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या दफनभूमीत, आणि विधीसाठी जंगमाला कोण सांगणार, एवढंच त्याला विचारायचं होतं. भाऊ त्याच्यावर ओरडला. त्या चुलतभावाला वाईट वाटलं नाही. अशा वेळी माणूस ओरडतोच, असं त्याने धरलं असावं.

त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडे मरण फोनवर सांगत नाहीत. सिरियस आहे, जरा बघायला बोलावलंय, तपासणी चालू आहे, काळजी करू नका, निघा, असंच सांगतात. माणूस दारापर्यंत सुखरूप पोचावा, वाटेत कोसळू नये, म्हणून. आणि हे सगळ्यात मुरलेलं कुणाच्या अंगात असेल तर ते अप्पांच्या. स्टँडवर त्यांच्या खोलीत टेलिफोन होता. गावात कुणाचं काही झालं की लोक त्या टेलिफोनवर कळवायचे, कारण ज्याला सांगायचं तो माणूस तेव्हा नेमका कुठल्या तरी गाडीत असायचा. अप्पा माईकवरून त्याला नियंत्रण कक्षात बोलवायचे. खुर्ची द्यायचे, पाण्याचा तांब्या पुढे करायचे, चहा मागवायचे. मग शांतपणे सांगायचे की घरून बोलावलंय, तब्येत जरा बरी नाही, ही गाडी सोडा आणि त्या गाडीत बसा. कंडक्टरच्या कानात खरं काय ते सांगायचे. बाईमाणूस असली तर आईला हाक मारायचे. आमची खोली स्टँडच्या मागेच होती. आई येऊन त्या बाईजवळ बसायची आणि तेच सांगायची, काही नाही, ठीक आहेत. मी लहान असताना दाराआडून हे कितीदा बघितलंय.

तेव्हा वाईट बातमीला वाटेत माणसं लागायची. कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाचं, कार्ड आलं तर आमचा पोस्टमन ते घरात द्यायचा नाही, शेजारच्या दुकानदाराच्या हातात द्यायचा. तार आली की तारवाला आधी घरात पुरुषमाणूस आहे का विचारायचा. दवंडीवालासुद्धा त्या घराच्या गल्लीत हलगी हळू वाजवायचा. आता हातातल्या फोनमध्ये हे सगळंच शिरलंय. कार्ड आहे, तार आहे, दवंडी आहे, पेपरातला चौकोन आहे, चौकातला फ्लेक्स आहे, स्टँडवरचा फळा आहे, पारावरची कुजबुज आहे. जुन्यातलं सगळं घेतलं, हात जोडायची रीतसुद्धा घेतली. तारवाला तेवढा घेतला नाही. मला त्या बाकावर बसून त्या फोनचा एवढा राग आला होता की तो भिंतीवर आपटावा असं वाटत होतं, आणि तोच हातात घट्ट धरून मी आईचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते.

शेवटी मला गावचा स्टँड सुचला. आईची गाडी तिथे थांबणार होती. चौकशीच्या टेलिफोनवर आता जे नियंत्रक असतात ते अप्पांच्या हाताखाली तयार झालेले. एसटीतल्या निवृत्तांच्या ग्रुपवर फोटो आला होता. त्यांनी फळ्यावर अप्पांचं नाव लिहून खाली दोन ओळी लिहिल्या होत्या आणि फळ्याला हार घातला होता. मी म्हटलं, काका, आधी तो फळा पुसा, अप्पा जिवंत आहेत.

“हाव ताई,” ते म्हणाले. “वहिनीला आम्ही काहीच कळू देत न्हाई. गाडी लागली की आत बोलावून घेतो. खुर्ची देतो, च्या-पानी करतो.”

मी म्हटलं, काका, खुर्ची देऊ नका. चहा देऊ नका. पाणीसुद्धा देऊ नका, तिला आत बोलवूच नका. गाडी नेहमीसारखी सोडा. ते हाव हाव करत राहिले आणि म्हणाले की फळ्यावर चादर टाकतो. मी हात जोडून विनवत होते, तेही टेलिफोनवर. फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाला, अक्का, आईला ते तांब्याभर पाणी देणार. आणि तो रडायला लागला. मी त्याला गप्प बस म्हणून खेकसले. मग मीही त्याच्याशेजारी बसले.

मधल्या काळात लातूरच्या एका कोचिंग क्लासमधल्या दोन मुली विचारत विचारत आल्या आणि रक्त देऊन गेल्या. त्या आम्हाला ओळखत नव्हत्या, म्हणून त्यांनी सगळा मजकूर वाचला होता. मला त्यांचे आभारही नीट मानता आले नाहीत.

आईचा फोन आला तेव्हा मागे स्टँडचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी माईकवर गाडी पुकारत होतं. रेंज येताच तिने ग्रुप बघितला असावा.

“खरं सांग,” ती म्हणाली. “हायेत का?”

“आहेत आई. ऑपरेशन चालू आहे. तू ये फक्त.”

“तुझे अप्पा बी लोकांना असंच सांगायचे,” ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मी तर खरंच सांगत होते, आणि खरं सांगायला जे शब्द लागतात ते आमच्या लोकांनी कधीचेच दुसऱ्या कामाला लावून टाकले होते. अप्पांचा आवाज ऐकवला असता तर तिने विश्वास ठेवला असता. तो आवाज आत भूल देऊन झोपवलेला होता. भाऊ म्हणाला, आतला फोटो मागू. कोण देणार होतं काढून? आणि आम्ही फोटोनेच तर इथवर आलो होतो.

स्टँडवर पुढे काय झालं ते मला नंतर मामीने सांगितलं. मामी, म्हणजे आईची भावजय, गावातलीच. ती आणि आणखी तिघीचौघी जणी स्टँडवर जाऊन थांबल्या होत्या. नियंत्रकांनी आईला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या पुढे केला. आईने तांब्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. म्हणजे तिला कळलं असं तिला वाटलं. ती बसली नाही. पाणीही प्यायली नाही. तशीच बाहेर आली आणि फळ्यावरची चादर ओढली. एका बाईने गळा काढायला सुरुवात केली तशी आईने तिला हाताने गप्प केलं.

“माणूस हाय का न्हाई ते मी जाऊन बघते,” ती म्हणाली. “तवर ह्यो फळा पुसा.” कुणी हलेना, तेव्हा तिने हार काढून बाजूला ठेवला आणि आपल्या पदराने नाव पुसलं. मग गाडीत जाऊन आपल्याच खिडकीशी बसली. मामी तिच्याशेजारी जाऊन बसली, तिने न बोलावताच.

दुपारी ऑपरेशन संपलं. व्यवस्थित झालं, असं डॉक्टर म्हणाले, पण पुढचे काही तास सांगता येत नाही, शुद्धीवर यायला वेळ लागेल. अप्पांना आतल्या आत अतिदक्षता विभागात हलवलं. आम्हालाही बघू दिलं नाही. मी खाली फाटकाशी येऊन उभी राहिले. रिक्षा थांबली, मामी उतरली, मग आई उतरली. तिने पैसे द्यायला हात पुढे केला आणि मला तिचं मनगट दिसलं. दोन्ही मनगटं मोकळी होती.

वास्तुशांतीला तिने नांदेडच्या कासाराकडून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या होत्या, चांगल्या कोपरापर्यंत पोचतील एवढ्या, आणि अगदी घट्ट. मी आयुष्यात तिचे हात उघडे पाहिले नव्हते. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, कुठं ठेवलंय. कुठं आहेत, असं तिने विचारलं नाही.

वर गेल्यावर दारावरच्या माणसाने वेळ नाही म्हणून अडवलं. मी भांडले. इतकी भांडले की नर्स बाहेर आली. तिने आईकडे बघितलं आणि आम्हाला काचेपर्यंत नेलं. काचेपलीकडे नळ्यांच्या गुंत्यात अप्पा होते. तोंडात नळी, डोळे मिटलेले. आई बघत राहिली. काचेतून काय कळतंय, ती म्हणाली. नर्स उदगीरकडची होती, तिला बहुतेक कळलं. तिने आम्हा दोघींना पायात पिशव्या घालायला लावल्या आणि आत घेतलं.

आईने चादर बाजूला केली आणि अप्पांच्या पायाला हात लावला. पाय गार होता. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्याच्याने अजून विसरवत नाही. मशीन आवाज करत होतं, पडद्यावर रेघा चालल्या होत्या, पण तिचा त्या पडद्यावर विश्वास नव्हता आणि माझ्यावरही नव्हता. नर्स म्हणाली, मावशी, या ऑपरेशननंतर पाय गारच असतात थोडा वेळ, गरम व्हायला लागतील. मग तिने आईचा हात धरला आणि तिची दोन बोटं अप्पांच्या मानेशी नेऊन ठेवली. आई तशीच उभी राहिली. कितीतरी वेळ. मला वाटलं ती पडतेय की काय. मग तिचे ओठ हलायला लागले, आणि मला कळलं की ती ठोके मोजते आहे.

बाहेर आल्यावर ती सरळ हात धुवायच्या बेसिनपाशी गेली आणि पदराची गाठ सोडली. सगळ्या बांगड्या त्यात होत्या. गाव सुटल्यावर गाडीत बसूनच तिने त्या एकेक करून काढल्या होत्या. मामी म्हणाली, हात सोलून निघाला पण एक बी फोडू दिली न्हाई. का काढल्यास, मी विचारलं. मला राग आला होता, आणि तो कुणावर ते सांगता येत नव्हतं.

“दुसऱ्या कुणी फोडण्यापरीस आपल्या हातानं काढलेल्या बऱ्या,” ती म्हणाली. “घाल आता.”

हात सुजले होते. मी साबण लावला, तिचा अंगठा तळव्यात दुमडला, आणि एकेक बांगडी वर सरकवायला लागले. मला कासारासारखं जमत नव्हतं. तिला दुखत होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या हातावर पडत होतं, ते साबणात मिसळून गेलं. एक कट्कन तुटली. फुटली, मी म्हटलं.

“सवाष्णीची बांगडी वाढली म्हणावं,” ती करड्या आवाजात म्हणाली. तेव्हा मला खात्री झाली की तिला पटलंय.

बाकीच्या सगळ्या चढल्या. भाऊ शेजारी उभा होता. त्याच्या खिशात फोन अजूनही थरथरत होता. आईने त्याला तो बाहेर काढायला लावला. तो म्हणाला, काय लिहू? मी किती लिहिलं, कुणी विश्वास ठेवत नाही. आईने ओले हात पदराला पुसले आणि दोन्ही मनगटं जोडून पुढे धरली.

“ह्या हातांचा फोटो काढ,” ती म्हणाली. “खाली काय लिहू नगस.”

भावाने चौकट केली नाही, नाव घातलं नाही, काही केलं नाही. सोललेल्या हातांवरच्या हिरव्या बांगड्या त्याने तशाच ग्रुपवर टाकल्या. श्रद्धांजलीची रांग तिथेच थांबली. मग देगलूरच्या काकांनी लिहिलं, ‘वहिनी, जेवलात का?’